हात तोडा म्हणणाऱ्यांनी आधी अटी वाचा

लोकलमध्ये कुणाचा मोबाईल गेला की डब्यात एकजण तरी म्हणतोच, "सौदीसारखे हात तोडा साल्यांचे!" गंमत अशी की शरियतच्या अटी लावल्या तर मुंबईतल्या बहुतेक मोबाईलचोरांचे हात शाबूत राहतील.

शिक्षा कुराणातच आहे (५:३८), पण ती कधी लागू होते हे फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, फार आवळून ठेवलंय. आधी मालाची किमान किंमत, म्हणजे निसाब. शाफई पंथात (आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफईच) पाव दिनार, साधारण १.०६ ग्रॅम सोनं. हनफी या दुसऱ्या पंथात दहा दिरहम, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास चांदी. मग माल 'हिर्ज'मधून, म्हणजे राखणीतून, गुपचूप काढलेला हवा. कुलूपबंद दुकान हे हिर्ज. मालकाची राखणही चालते: पैगंबरांच्या काळातले सफवान बिन उमय्या मशिदीत चादर उशाला घेऊन झोपले होते, ती पळवणाऱ्याला ही शिक्षा लागू झाली. पण दादरला बाकावर फोन ठेवून तुम्ही तिकीट खिडकीला गेलात, तर राखण कुठली? दारातल्या माणसाच्या हातून हिसकावला, तर ती उघड हिसकाहिसकी. हदीसनेच, म्हणजे पैगंबरांच्या वचनानेच, ती यातून वगळली आहे. त्यावर दोन साक्षीदार हवेत किंवा कबुली, आणि कबुली मागेही घेता येते. शंका आली की हात वाचतो. दुष्काळात खलिफा उमर यांनी ही शिक्षा थांबवल्याचं सांगतात.

पण हात वाचला म्हणून चोर मोकळा सुटत नाही. तो 'ताझीर'मध्ये येतो. कैद, फटके, काय ते काझी ठरवतो.

आपल्याकडे फौजदारी कायदा सगळ्यांना एकच. १९३७ चा शरियत कायदा लग्न, तलाक, वारसा अशा बाबींपुरता. भेंडीबाजारातल्या चोरीलाही भारतीय न्याय संहिताच लागते. तिच्या कलम ३०३ ला ना निसाब लागतो ना हिर्ज. लबाडीच्या इराद्याने, संमतीशिवाय, दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू जागची हलवली की चोरी झाली. साक्षीदार किती, याचंही बंधन नाही. पोलिसांपुढची कबुली मात्र पुरावा म्हणून चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

घरच्या नोकराच्या बाबतीत दोन्ही कायदे अगदी उलट जातात. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, त्याला घरात मुभा असते, म्हणून त्याच्यापुरता हिर्ज मोडतो आणि हात वाचतो. आपल्याकडे साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत, नोकराने मालकाच्या ताब्यातलं चोरलं तर कलम ३०६ खाली ७ वर्षांपर्यंत. माफीचंही तसंच. सफवान यांनी चोराला माफ केलं, पण प्रकरण पैगंबरांपुढे आल्यावर. तोवर उशीर झाला होता. इथे ३०३ च्या खटल्यात मालक कोर्टातही तडजोड करू शकतो. मला हे जास्त माणुसकीचं वाटतं. चुकून तुरुंगात टाकलेला निदान बाहेर काढता येतो, तोडलेला हात परत लावता येत नाही.

आता कामाचं. माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर ३०३ खाली गुन्हा अदखलपात्र. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद, होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणून किंमत दाखवायला जुन्या फोनचंही बिल जपून ठेवा. आणि चोरी गाडीत झाली असेल तर लोहमार्ग पोलिसांना कलम ३०५ लावायला सांगा. त्यात प्रवासी वाहनातली चोरी येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, मग फोन कितीचाही असो.