तापाचा कितवा दिवस, ते आधी विचारा

डेंग्यूच्या तपासण्यांवरचा लेख चांगला आहे, पण त्यातलं 'एनएस१ निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाही' हे वाक्य खटकलं. एनएस१ म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन; ही चाचणी ते रक्तात शोधते. तापाचा कितवा दिवस हे कळल्याशिवाय त्या रिपोर्टला फारसा अर्थ नसतो. पहिल्या पाचेक दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा एनएस१ किंवा आरटी-पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य, म्हणजे आरएनए, शोधणारी चाचणी) कामाची. आयजीएम (लागण झाल्यावर शरीर आधी बनवतं ते प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी) साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. दुसऱ्याच दिवशी ते तपासून निश्चिंत होणं म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात कणसं शोधणं.

त्यातून ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय, त्याच्या शरीरातल्या जुन्या अँटिबॉडीज एनएस१ला धरून ठेवतात आणि चाचणी हुकू शकते. आयजीजी (जास्त काळ टिकणारी दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी) मात्र झपाट्याने चढतं, आयजीएम कधीकधी नावापुरतंच. आजार गंभीर होण्याचा धोकाही याच मंडळींना जास्त, म्हणून जास्त काळजी वाटते.

डेंग्यूच्या विषाणूचे डेन-१ ते डेन-४ असे चार प्रकार; त्यांतला नेमका कोणता, हे आयजीएमवरून किंवा नेहमीच्या एनएस१ किटवरून कळत नाही. त्यासाठी आरटी-पीसीआर लागते, तीही लवकर घेतलेल्या आणि थंड ठेवलेल्या नमुन्यावर, कारण आरएनए पटकन खराब होतो. प्रकार कळल्याने रुग्णाचं औषध बदलत नाही (विषाणूवर थेट औषध आहेच कुठे?), त्यामुळे नातेवाइकांनी त्यासाठी हट्ट धरू नये. पण एखाद्या भागात वर्षानुवर्षं डेन-२ असताना अचानक डेन-३ वाढू लागला, तर डेन-२ होऊन गेलेल्यांना डेन-३ होऊन दुसऱ्यांदा लागण होणारे वाढतील हे आरोग्य यंत्रणेला आधीच कळतं. त्यामुळे मोठ्या रुग्णालयांनी निदान काही नमुने तरी टायपिंगला (प्रकार ओळखायला) पाठवावेत.