"टॅक्स नाही, वीज फुकट, तरी रडतात" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तोच मेसेज फिरतोय, शेतकऱ्याला टॅक्स नाही, वीज फुकट, कर्ज माफ, वर खात्यात पैसे, तरी रडगाणं सुरूच. एकेक घेऊ.

टॅक्स. एनएसएसच्या (केंद्र सरकारचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) पाहणीत 2018-19 ला देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न निघालं 10,218 रुपये. एका माणसाचं नाही, अख्ख्या घराचं. एवढ्या कमाईवर पगारदाराला तरी कुठे इन्कम टॅक्स बसतो? शेतीच्या नावाखाली दुसरा पैसा लपवणाऱ्यांना खुशाल पकडा. आणि त्या 10,218 मध्ये पिकाचे 3,798, मजुरी-पगाराचे 4,063. पिकापेक्षा मजुरीतून जास्त येतंय!

वीज. राज्यात 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला माफ आहे, बरोबर. पण कोरडवाहूवाल्याकडे विहीरच नाही तर पंप कुठून असणार?

कर्जमाफी. 2017 ची दीड लाखापर्यंत, 2019 ची दोन लाखांपर्यंत, तीही बँकेच्या नाहीतर सोसायटीच्या कर्जाला. सावकार, कृषी केंद्राची उधारी, मायक्रोफायनान्सचा हप्ता, गहाण टाकलेलं सोनं, यातलं काहीच त्यात माफ झालं नाही, आणि दवाखाना किंवा लग्न निघालं की माणूस तिकडेच जातो कारण तिथे पैसा लगेच मिळतो.

खरा घोळ इथेच आहे, पैसा कमी आहेच पण तो येतोही वर्षातून एकदा-दोनदा. जूनमध्ये बियाणं-खत, पाऊस लांबला की दुबार पेरणी, मध्येच कोणी आजारी पडलं तर उसनवारी, आणि माल निघाला की सगळे देणेकरी एकदम दारात. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 होता, बाजारात चार हजाराच्या आसपास विकलं गेलं, कारण खरेदी केंद्राची वाट बघायला हातात पैसा लागतो आणि तोच नसतो. महिन्याच्या सरासरीत हे दिसतच नाही.

खात्यात पैसे? पीएम किसानचे वर्षाला 6,000, म्हणजे महिन्याला 500, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच धरा, घराला हजार झाले. तेही सातबाऱ्यावर नाव असेल तर. ज्याने दुसऱ्याचं रान मक्त्याने केलंय, मक्ता आधीच मोजलाय, त्याला यातलं काहीच नाही, पीक गेलं तर तोटा मात्र सगळा त्याचा.