डॉ. ड्रे नेमकं करतो काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डॉ. ड्रे या अमेरिकन रॅपर आणि संगीत-निर्मात्याचे शब्द दुसरे लिहितात, वाद्यं दुसरे वाजवतात, त्यानं लताबाईंचं गाणं चोरलं आणि शेवटी हेडफोन विकून गब्बर झाला. "हा संगीतकार नव्हे, मुकादम," असं तुम्ही लिहिलंय.

पहिल्या मुद्द्यातली माहिती बरोबर आहे. उलट मीच भर घालतो. १९९९ च्या त्याच्या 'स्टिल डी.आर.ई.' या गाण्याचे शब्द जे-झी या रॅपरनं लिहिले आणि तो सगळ्यांना पाठ असलेला पियानो वाजवला स्कॉट स्टॉर्चनं. मग ड्रेनं केलं काय? गाणं बऱ्यापैकी स्पीकरवर लावा आणि फक्त पियानोकडे कान द्या. तेच ठोके शेवटपर्यंत जवळजवळ बदलत नाहीत. दुसऱ्या कोणी कंटाळून त्यावर आणखी चार वाद्यं चढवली असती. इथे ड्रम्स पुढे, बास त्यांच्या पोटात, तंतुवाद्यं डोकावतात आणि निघून जातात, मधे भरपूर मोकळी जागा. काय ठेवायचं आणि काय फेकायचं, हा निर्णय मिक्सिंगला बसलेल्या माणसाचा असतो. कॉम्प्टनच्या या आंद्रे यंगची सुरुवातच क्लबात रेकॉर्डी फिरवण्यापासून झाली. कोणत्या ठेक्याला माणसं उठतात, हे त्यानं तेव्हापासून समोर पाहिलेलं आहे. फेकण्याच्या सवयीचा अतिरेकही झाला म्हणा; 'डेटॉक्स' या अल्बमची लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो आलाच नाही.

आता चोरी. १९९२ च्या 'द क्रॉनिक' या त्याच्या अल्बमवर तुमचा रोख असेल तर मी मुळीच सहमत नाही. त्यातलं 'नथिन बट अ जी थँग' हे लिऑन हेवूडच्या १९७५ च्या गाण्यावर बेतलेलं आहे, पण ड्रेनं जुनी रेकॉर्ड उचलून चिकटवली नाही. कॉलिन वुल्फसारखे वादक स्टुडिओत बसवून भाग नव्यानं वाजवून घेतले. यात कलाही आहे आणि व्यवहारही. गाण्यावर हक्क दोन असतात: एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. नव्यानं वाजवलं की रचनाकाराचे पैसे द्यावे लागतात, पण रेकॉर्ड कंपनीचे वाचतात. शिवाय प्रत्येक वाद्याचा आवाज आपल्या ताब्यात राहतो. १९९१ च्या अखेरीस बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात अमेरिकन न्यायालयानं विनापरवाना सॅम्पलला, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा वापरण्याला, चोरी ठरवलं होतं, त्यामुळे ही पद्धत शहाणपणाचीच होती.

लताबाईंच्या गाण्याचं मात्र तुमचं बरोबर आहे, आणि अर्धं चूकही. 'ॲडिक्टिव्ह' हे २००२ चं गाणं ट्रुथ हर्ट्सनं गायलं, ते घडवलं डीजे क्विक या निर्मात्यानं, ड्रेनं नाही. पण निघालं ड्रेच्या आफ्टरमॅथ या रेकॉर्ड कंपनीतून. त्यात 'थोडा रेशम लगता है'चा तुकडा, खुद्द लताबाईंच्या आवाजासकट, परवानगी न घेता वापरला होता. गाणं अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलं. मग खटला झाला आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं बजावलं, की बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करायची नाही. दहा वर्षं आधी हक्कांचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या घरात हे व्हावं? अमेरिकन गाण्याचा धनी विचारायला येतो, मुंबईतला कशाला येतोय, असाच हिशेब असणार. याबद्दल तुमचा राग मला मान्य आहे.

हेडफोनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २००६ मध्ये जिमी आयोव्हिन या संगीत व्यवसायातल्या बड्या माणसाबरोबर बीट्स ही कंपनी काढली, २०१४ मध्ये ॲपलनं ३ अब्ज डॉलरला घेतली. धंदा म्हणून चोख. पहिल्या मॉडेलांचा बास मात्र बटबटीत होता. गाण्यात इतकी जागा सोडणाऱ्यानं कानात असा चिखल का ओतावा, कोण जाणे.

पण एक गोष्ट तुमच्या आरोपपत्रात नाहीच, याचं मला नवल वाटतं. जानेवारी १९९१ मध्ये हॉलिवूडमधल्या एका पार्टीत ड्रेनं डी बार्न्स या टीव्ही निवेदिकेला बेदम मारलं. कारण काय, तर तिच्या कार्यक्रमात आइस क्यूब या रॅपरनं ड्रेच्या रॅप गटाची, एन.डब्ल्यू.ए.ची, टर उडवली होती. न्यायालयात ड्रेनं आरोपाला आव्हान दिलं नाही. दंड आणि प्रोबेशनवर सुटला. २०१५ मध्ये त्या गटावर सिनेमा आला, त्यात हा प्रसंग गाळलेला. बार्न्सनं त्यावर जाहीर लिहिलं, आणि मग कुठे ड्रेनं दुखावलेल्या स्त्रियांची माफी मागितली. चोवीस वर्षांनी, सिनेमा थिएटरात असताना आणि ॲपलशी नातं जुळलेलं असताना. त्या मारहाणीनंतर टीव्हीतलं काम मिळेनासं झालं, असं बार्न्स सांगते. मुकादम की संगीतकार, यावर तुमच्याशी वाद घालायला मी कधीही तयार आहे. या कलमाखाली त्याचं वकीलपत्र मी घेत नाही.