कोकणात जेवायला येताय? पोट घट्ट करून या

मुंबई-गोवा हायवेवर 'घरगुती जेवण' अशी पाटी दिसली की गाडी थांबवाच. आत शिरल्यावर भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक शोधत बसू नका. घरगुती म्हटल्यावर परवाना कसला? तुमच्या आईकडे होता का? 2022 पासून तो क्रमांक बिलावर छापणं सक्तीचं आहे, पण इथे बिल तोंडीच येतं.

स्वतः मासे घेणार असाल तर डोळे, कल्ले तपासू नका. मावशी सरळ विचारतील, "मासो खावक इलात की सोयरीक जुळवूक?" बांगडा मात्र खास निवडा. सकाळपासून टोपलीत बर्फाशिवाय ऊन खात पडलेला हवा. असा बांगडा तापला की जिवाणू त्यात हिस्टामिन नावाचं रसायन तयार करतात, आणि ते तव्यावर कितीही खरपूस भाजलं तरी जात नाही. गॅस तेवढा फुकट. जेवून हात धुताय तोवर चेहरा लालबुंद, अंगावर गांधी, डोक्यात ठणका. घाबरायचं नाही. 'तिरफळं जरा जास्त पडली' म्हणायचं. पुढे कुणीतरी तुम्हाला माशाची ॲलर्जी आहे असं सांगेल. जन्मभर बांगडा खाल्लेल्या माणसालाही हे पटतं, हे विशेष! बांगडा बदनाम होतो आणि बर्फाचे पैसे वाचवणारा सुटतो.

बर्फ अगदीच वापरत नाहीत असं नाही हो. सोलकढीत असतो ना! खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळा करायचा, असं राज्यात 2018 साली ठरलं. पण सोलकढीचा रंगच असा, की निळा तुकडा पडला तरी निमूट मिसळून जाईल. कोकम मोठं दूरदर्शी फळ. भुशातून काढलेली एकच लादी, अर्धी सुरमईवर, अर्धी तुमच्या पेल्यात. यजमानाने आपपरभाव ठेवला नाही म्हणून आभार माना.

तळणीचं तेल काळं दिसलं तर ती मुरलेली चव समजा.

रात्री पोटाने हाक दिलीच, तर अन्न व औषध प्रशासनाच्या वाटेला जाऊ नका. ते कुठे, कधी, काय खाल्लं ते विचारत बसतील. त्यापेक्षा सकाळी रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला, "भायरची काय बाधा आसात ती दूर कर रे महाराजा!" भोवतालचे सगळे "व्हय महाराजा" म्हणतील. हॉटेलवालाही त्यांतच असेल, आणि आवाज त्याचाच मोठा.