चालती मालिका कुणी बंद करतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन टीव्हीच्या इतिहासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सीबीएस या तिथल्या बड्या टीव्ही नेटवर्कने १९७१ साली चांगल्या चालणाऱ्या ग्रामीण मालिका मोडीत काढल्या, हे मी रंगवून सांगितलं. दुभती गाय कुठलाच व्यापारी विकत नाही. लोकांची आवड बदलली, मालिका पडल्या, विषय संपला. आणि मला म्हणे जिथेतिथे जाहिरातदारच दिसतात.

आधी क्रमवारी बघू. १९७०-७१च्या हंगामात लहान गावातली विनोदी मालिका ‘मेबेरी आर.एफ.डी.’ पंधराव्या आणि ग्रामीण गाणी-विनोदांची ‘ही हॉ’ सोळाव्या क्रमांकावर होती. दोन्ही बंद झाल्या. त्याच्या आदल्या हंगामात विनोदवीर रेड स्केल्टनचा कार्यक्रम सातवा होता, तोही सीबीएसने सोडून दिला. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ ही ग्रामीण विनोदी मालिका मात्र शेवटच्या वर्षी पहिल्या तिसांतून बाहेर गेली होती. तिच्यापुरतं तुमचं म्हणणं खरं. पण पंधरावी मालिका ‘पडली’ असं कसं म्हणायचं?

गाय दुभतीच होती हो, पण दूध जिथे खपत होतं तिथे भाव नव्हता. अमेरिकेत त्या काळी नेटवर्क स्वतः घराघरांत पोचत नसे. गावोगावची स्थानिक स्टेशनं त्याचे कार्यक्रम दाखवत आणि त्यांतली बहुतेक दुसऱ्यांच्या मालकीची असत. व्हीएचएफ पट्ट्यातली (म्हणजे टीव्हीच्या मुख्य लहरींवरची) पाचपेक्षा जास्त स्टेशनं एका मालकाला ठेवायला सरकारी नियमानं बंदी होती. सीबीएसची पाच होती न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, फिलाडेल्फिया आणि सेंट लुईस इथे, आणि तिथली कमाई थेट कंपनीच्या खिशात येई. ग्रामीण विनोदी मालिका दक्षिणेत आणि लहान गावांत जोरात चालत, म्हणजे परक्या स्टेशनांवर. देशभरची सरासरी झकास, पण मोठ्या शहरांत त्या मागे पडत. १९६९मध्ये नेटवर्कचे अध्यक्ष झालेल्या रॉबर्ट वूड यांनी नेमकं यावर बोट ठेवलं, सर्वेसर्वा विल्यम पेली यांना पटवलं, आणि कार्यक्रम विभाग सांभाळणाऱ्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी कात्री चालवली.

आपल्याकडे टीआरपी म्हटलं की एकच आकडा डोळ्यांसमोर येतो. तिकडे साठच्या दशकातच त्या आकड्याची चिरफाड सुरू झाली होती: बघणाऱ्याचं वय काय, राहतो कुठे, कमावतो किती. हा सूर तिसऱ्या क्रमांकावर अडकलेल्या एबीसी या प्रतिस्पर्धी नेटवर्कनं जास्त लावला, कारण एकूण प्रेक्षकसंख्येत त्यांना जिंकता येत नव्हतं. तरुण बघतात ना आम्हाला, मग आमचा दर वेगळा! व्यापारी म्हणून मला त्यात काही गैर वाटत नाही.

त्यात १९७१ साल नेटवर्कांना वाईट गेलं. २ जानेवारीपासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली, म्हणजे एक बडं गिऱ्हाईक रातोरात गेलं. शरद ऋतूपासून एफसीसीचा (प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचा) नवा नियम लागू झाला: सर्वांत मोठ्या पन्नास शहरी बाजारपेठांतल्या स्टेशनांना संध्याकाळच्या मुख्य वेळेत नेटवर्कचे कार्यक्रम तीन तासांपेक्षा जास्त दाखवता येणार नाहीत. दाखवण्याच्या जागाच कमी झाल्यावर काहीतरी कापणं आलंच. प्रश्न होता कुणाला कापायचं, आणि त्याचं उत्तर वूड यांच्याकडे तयार होतं.

आता ‘आवड बदलली’ या मुद्द्याकडे येतो. तुम्ही ‘ऑल इन द फॅमिली’ या शहरी कुटुंबावरच्या विनोदी मालिकेचा दाखला दिलात. एबीसीनं तिचे दोन नमुना-भाग करवून घेतले आणि दोन्ही नाकारले. सीबीएसवर ती १२ जानेवारी १९७१ला सुरू झाली, सुरुवातीला थंडच होती, आणि नंतर सलग पाच हंगाम पहिल्या क्रमांकावर राहिली. हे सगळं मान्य. पण त्याच वेळी ‘ही हॉ’चं काय झालं ते बघा. निर्मात्यांनी ती थेट स्थानिक स्टेशनांना विकली. नव्या नियमामुळे त्यांच्याकडे मोकळी वेळ होतीच. तशी ती आणखी वीसेक वर्षं चालली! लॉरेन्स वेल्कचा संगीताचा कार्यक्रम एबीसीनं त्याच वर्षी काढला, तोही याच वाटेनं १९८२पर्यंत टिकला. प्रेक्षक उठून गेले नव्हते. नेटवर्कला ते नको झाले होते.

खेड्याचा कंटाळा म्हणावा, तर १९७२मध्ये सीबीएसनंच ‘द वॉल्टन्स’ आणली. व्हर्जिनियाचे डोंगर, मंदीचा काळ, एकत्र कुटुंब. १९७३-७४मध्ये ती देशात दुसरी होती.

उलट बाजूचं उदाहरण एनबीसी या तिसऱ्या नेटवर्कचं. १९८१मध्ये आलेली पोलिसांवरची ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ पहिल्या हंगामात क्रमवारीत पार तळाशी होती. तुमच्या तर्कानं ती जायला हवी होती. पण समीक्षकांनी उचलून धरली, आठ एमी (टीव्हीचे मानाचे पुरस्कार) मिळाले, आणि बघणारे होते शहरी, शिकलेले, खर्च करणारे. मालिका १९८७पर्यंत चालली.

एक मात्र स्पष्ट करतो, कारण तुम्ही मला ‘ग्रामीण मालिकांचा वकील’ म्हटलंत. ‘ही हॉ’ मला दहा मिनिटंही बघवत नाही. या साफसफाईनं झालेल्या जागेत १९७२ला लष्करी दवाखान्यावरची ‘मॅश’ आली, आणि निवडायची वेळ आली तर मी डोळे मिटून ‘मॅश’ निवडेन. पण मला काय आवडतं, यावरून ते का घडलं ते ठरत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एचबीओचा. १९७२मध्ये सुरू झालेली ही वाहिनी जाहिराती न घेता वर्गणीवर चालली. तिथे माझा मुद्दा लागू होत नाही असं तुम्ही म्हणता, आणि जाहिरातदारांपुरतं ते बरोबर आहे. फक्त तिथेही प्रत्येक प्रेक्षकाचं वजन सारखं नव्हतं: वर्गणी आधीच भरून बसलेल्यापेक्षा ती बंद करायच्या बेतात असलेल्याला थांबवणं जास्त मोलाचं. १९९९ची ‘द सोप्रानोज’ त्या गणितात कशी बसली, ते इथे कोंबण्यासारखं नाही. पुढचा लेख त्यावरच लिहितो. तेव्हाही असंच भांडायला या.