ज्युरीला विचारलेला प्रश्न

गेल्या वर्षी इथे अमेरिकेत नेवार्कच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टातून ज्युरी ड्यूटीचं बोलावणं आलं: खटला ऐकून निकाल देणाऱ्या नागरिकांत बसायचं. न्यायाधीशबाई एकेकाला विचारत होत्या, नात्यात कुणी पोलिसांत आहे का? मी खरं ते सांगितलं: मावसभाऊ साताऱ्याला फौजदार आहे. आमची भेट होते ती दोन-तीन वर्षांतून एकदा, गणपतीत. तरी आरोपीच्या वकिलाने मला वगळलं, आणि त्याला कारणही द्यावं लागलं नाही. परतीच्या गाडीत फोनवर बाईंची माहिती काढली. न्यायाधीश होण्याआधी बरीच वर्षं त्या स्वतःच फेडरल सरकारी वकील होत्या! मला मावसभाऊ आडवा आला. त्यांना त्यांची नोकरी आली नाही.

इथे ही वाट चांगलीच मळलेली आहे. अमूल थापर २००६ मध्ये केंटकीच्या पूर्व जिल्ह्याचे यूएस अटर्नी, म्हणजे तिथल्या फेडरल सरकारी वकिलांचे प्रमुख झाले आणि २००८ मध्ये त्याच जिल्ह्याच्या कोर्टात न्यायाधीश. दक्षिण आशियाई वंशाचे पहिलेच फेडरल न्यायाधीश, म्हणून आम्हा देशी मंडळींना अभिमान. पण कालपर्यंत ज्यांचे साहेब होतो, तेच आज समोर उभे राहून युक्तिवाद करणार. आपल्या कारकिर्दीत कचेरीत असलेल्या खटल्यांतून बाजूला व्हावं लागतं, जुन्या कचेरीच्या नंतरच्या खटल्यांतून नाही. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांच्या बाबतीत निदान मॅनहॅटनची सरकारी वकिली (१९७९ ते ८४) आणि १९९२ चं न्यायाधीशपद यांच्यामध्ये आठ वर्षांची खासगी वकिली होती.

२०२५ मध्ये भाजपच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांची मुंबई हायकोर्टावर नेमणूक झाली, तेव्हा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धुरळा उडाला. ‘तुमच्याकडे चालतं का असं?’ अहो, आमच्याकडे राष्ट्राध्यक्षच नाव सुचवतो, सिनेट मतं देते, आणि कुठला न्यायाधीश कुणी नेमला हे बातमीतच लिहिलेलं असतं. फक्त उमेदवाराला आपले खटले, भाषणं, पक्षाचं काम सगळं एका लांबलचक प्रश्नावलीत लिहून द्यावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. भारतात नावं सुचवणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ, म्हणजे कॉलेजियम, त्याच्या ठरावात तेवढं हाती लागत नाही.

ग्रुपचा वाद मात्र पक्षापाशीच थांबतो. सरकारी वकिलाने न्यायाधीश व्हावं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नोकरीतल्या सरकारी वकिलांनाही जिल्हा न्यायाधीशपदासाठी वकीलच धरावं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं. आणि भारतात फौजदारी खटल्यात ज्युरी नाही. दोषी कोण, हे न्यायाधीशच ठरवतो. इथे ते बारा जण ठरवतात, निदान कागदावर. प्रत्यक्षात फेडरल कोर्टात शिक्षा होणाऱ्यांपैकी दहातल्या नवाहून अधिक जण आधीच गुन्हा कबूल करून मोकळे होतात. उरते शिक्षा, आणि ती न्यायाधीशाच्या हातात.

उज्ज्वल निकम राज्यसभेवर गेले तेव्हाही ग्रुप असाच पेटला होता. मला ते कमी खटकलं. खासदार कुणाला जन्मठेप देत नाही.

गुजरातेत पाटणला जन्मलेले अमित मेहता वॉशिंग्टनमध्ये पब्लिक डिफेंडर होते, गरीब आरोपींच्या बाजूने उभे राहणारे पगारी वकील. २०१४ मध्ये ते फेडरल न्यायाधीश झाले. गूगलच्या मक्तेदारीचा २०२४ चा निकाल त्यांचाच. भारतात लीगल एडमध्ये, म्हणजे सरकारी मोफत वकिलीत, आरोपींचे खटले लढवत थेट हायकोर्टावर गेलेलं एक तरी मराठी नाव सांगा, असं मी ग्रुपवर टाकलं. निळ्या टिका दिसताहेत.