पवनचक्कीविरुद्धचं अपील हमखास कसं हरावं

डोंगरावर क्रेन चढते, लांबलचक पातं घाटाच्या वळणावर अडकतं, आणि त्या दिवशी गावाला आठवतं की आपला पवनचक्कीला विरोध आहे. गेल्या आठवड्यात असंच एक अपील मुदतीच्या मुद्द्यावर उडालं. आतले मुद्दे कुणी वाचलेसुद्धा नाहीत. तेव्हा वनकुसवडे असो, साक्री असो की पाटोदा, ज्यांना अजून हरायचं आहे त्यांनी खालील पथ्यं पाळावीत.

आदेश हातात घेऊ नका. पवनचक्कीसाठी जमिनीच्या अकृषिक, म्हणजे बिगरशेती वापराला मंजुरी प्रांतांनी (उपविभागीय अधिकाऱ्यांनी) दिली की जिल्हाधिकाऱ्यांनी, या खोलात कशाला शिरायचं? ‘सरकारनं दिली’ एवढं पुरे. प्रांतांच्या आदेशावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे जातं, असल्या बारकाव्यांत रिकामटेकड्यांनी पडावं. तुम्ही पालकमंत्र्यांना निवेदन द्या, देताना फोटो काढा आणि पोच म्हणून तोच जपून ठेवा.

अकृषिकचे नियम अलीकडे बरेचदा बदललेत. आदेशाच्या तारखेला कुठला लागू होता, ते बघू नका.

आता मुदत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 250. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर 60 दिवस, एरवी 90. तेही आदेश झाल्यापासून नव्हे, तुम्हाला मिळाल्यापासून. वर आदेशाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस वजा. एवढी सढळ मुदत वाया घालवायची तर मेहनत हवी. म्हणून नक्कल तोंडी मागा. ‘भाऊसाहेब, बघा की जरा’ म्हणा आणि चहा पाजून परत या. लेखी अर्ज दिलात, आवक क्रमांक घेतलात, तर नक्कल कधी मागितली आणि कधी मिळाली हे कागदावर येतं, दिवस वजा होतात आणि अपील मुदतीत बसायची भीती असते. आदेश टपालानं आलाच तर पाकीट चुलीत घाला. त्यावरच्या शिक्क्याची तारीख उद्या उपयोगी पडली तर काय घ्या! मग चार महिन्यांनी कलम 251 खाली विलंबमाफीचा अर्ज. त्यात ‘अपिलार्थी हा अडाणी शेतकरी असून’ हे वाक्य हवंच. अपिलार्थी पदवीधर असू दे, माजी सरपंच असू दे, त्यानं ग्रामसभेत याच परवानगीवर अर्धा तास भाषण ठोकल्याचं इतिवृत्त समोरच्या वकिलाच्या फायलीत असू दे, तो अडाणीच. आणि ‘एकूण ____ दिवसांचा विलंब’ ही जागा कोरीच ठेवा. हो, कोरी! मागच्या पक्षकाराचा मसुदा, नुसतं नाव बदललेलं, गटनंबरसुद्धा दुसऱ्या गावचा. अहो वकीलसाहेब, फी मोजून घेता ना? मग दिवसही मोजा की! उशीर किती आणि कशामुळे, एवढंच तर लिहायचं असतं. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, नक्कल रखडली असेल तर अर्जाची पोच. तेवढंही जमत नसेल तर काळा कोट कशासाठी चढवता?

असो. पथ्यांकडे वळू.

स्थगिती मागू नका. अपील दाखल झालं की काम आपोआप थांबतं अशी गावोगावी श्रद्धा आहे, तिला तडा जाऊ देऊ नका. कलम 256 खाली स्थगितीचा आदेश वेगळा मिळवावा लागतो, हे कुणाला सांगू नका. पायाचं काँक्रीट 28 दिवसांत ताकद धरतं आणि तुमची मुदत 60 दिवसांची. एकोणसाठाव्या दिवशी तुम्ही स्टॅम्प लावत असता तेव्हा वर मनोऱ्याचे बोल्ट आवळून झालेले असतात. मग समोरचे म्हणतात, इतके कोटी घातले, आता थांबवलं तर नुकसान आमचंच जास्त. साहेबही मान डोलावतात.

कंपनीनं कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, लावलंय का, ते पाहू नका. लावलेलं असतंच.

अंतर तर मुळीच मोजू नका. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून 500 मीटर सांगितलेत. रस्ता, सार्वजनिक इमारत, अतिउच्चदाब वाहिनी यांच्यासाठी हिशेब असा: मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा निम्मा व्यास, अधिक 5 मीटर. मनोरा 120 चा आणि व्यास 132 चा असेल तर 120 + 66 + 5, म्हणजे 191 मीटर. मोजणीचा नकाशा जोडून हे मांडलंत तर साहेबांना त्यावर काहीतरी लिहावं लागेल. त्यापेक्षा ‘पवनचक्की ढग पळवते, त्यामुळे पाऊस पडत नाही’ हा पहिला मुद्दा घ्या. दुसऱ्याची गरजच राहणार नाही.

पर्यावरण मंजुरीला हरित लवादात आव्हान द्या. 2006 च्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच, त्यामुळे मंजुरीही नाही. नसलेल्या मंजुरीला आव्हान देण्यात वेगळीच मजा आहे. मात्र जागा वनजमीन असेल तर तिच्या परवानगीविरुद्ध लवादाकडे जायला 30 दिवस असतात, ते या मजेत आरामात निघून जातात.

अपील शिल्लक असतानाच थेट उच्च न्यायालयात रिट घाला. सातारा-सांगलीकरांना ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. ‘आधी अपील करा’ हे ऐकायला आता मुंबई गाठावी लागत नाही.

आणि सहखातेदार. सातबारावर तिघी बहिणींची नावं आणि संमतिपत्रावर फक्त भावांच्या सह्या, हा खरा दमदार मुद्दा. तो अजिबात घेऊ नका. घेणार तरी कसा? अपील करणारे तेच भाऊ असतात.

पुरे झालं. गावातल्या पुढाऱ्यांनो, तुम्हाला पवनचक्की थांबवायची नसतेच. तुम्हाला खडी-मुरमाचं आणि पहारेकऱ्यांचं कंत्राट हवं असतं. ते मिळालं की अपील मागे घेता, आणि ज्याच्या घरावर रात्रभर घरघर चालते तो एकटा तारखांना हेलपाटे घालतो. लाज वाटू द्या. आणि कार्यालयातल्या मंडळींनो, नक्कल देणं हे उपकार नाहीत. दीड महिना ‘फाईल साहेबांच्या टेबलावर आहे’ सांगता, आणि कंपनीच्या माणसाच्या मोबाईलमध्ये त्याच आदेशाचा फोटो असतो!

तर ज्याचं घर आहे, त्यानं सोमवारी ज्या कार्यालयानं आदेश दिला तिथं जावं. गटनंबर घालून नक्कलेचा लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि त्याची झेरॉक्स काढल्याशिवाय मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नये. वकिलाच्यासुद्धा.